सुभद्राबाईंनी देवी का टोचून घेतल्या नाहीत

मुंबई, ११ जानेवारी १९६७

ती. सुभद्राआत्येस विमलचा साष्टांग नमस्कार.

बोट सुटताना तू कठड्यावरून ओरडलीस, "राखणदाराचा तां कागदार लिवन धाड गो!" धक्क्यावरचे हमाल माझ्याकडे बघून हसले. तर हे घे, लिहून धाडते.

तुला झालाय तो साधा वात नाही. बारा वर्षं तेल चोळलंस त्यात चूक कुणाचीच नाही, पण तेलाने हा बरा होणारा नव्हता. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या लहान गोल पेशींना लिम्फोसाइट म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी त्याच मोजत असते. गावाच्या शिवेवर जसा राखणदार, तशा त्या शरीराच्या. बाहेरचं काही आत शिरलं की ओळखतात, भराभर वाढतात आणि त्याला संपवतात. तुझ्या राखणदारांची ओळख चुकली आहे. तुझ्याच बोटांचे, मनगटांचे सांधे त्यांना परके वाटतात, म्हणून ते कुरतडतात. इस्पितळात दोन महिने जी फिकट पिवळी गोळी घेतलीस ती त्यांना वाढू देत नाही. राखणदार कमी, कुरतड कमी. एवढंच.

आता नीट ऐक. सकाळी जेवणानंतर एक गोळी, चुकवायची नाही. दर पंधरा दिवसांनी मालवणच्या दवाखान्यात रक्त द्यायचं. कंपाउंडर ते काचेवर पसरून देईल, ती काच कापसात गुंडाळून मला पाठवायची. मी मोजून कळवीन. ताप आला, घसा धरला, लघवीला जळजळ झाली तर गोळी थांबवून मला तार. बाकी काही बदलायला नको. नेहमी करतेस ते सगळं कर.

डॉक्टर म्हणाले, हे औषध सांध्यांसाठी आपल्याकडे अजून फार थोड्यांना दिलंय. मला मात्र शंका नाही. तुझ्या बोटांची सूज उतरताना मी पाहिली आहे.

तुझी,
विमल

खाजणवाडी, ता. मालवण
२७ फेब्रुवारी १९६७

चि. विमल हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, यात सगळं आलं. दोन वर्षांनी पेन्सिल बोटांत धरली. आधी मुठीत धरत होते.

सकाळी उठल्यावर हात उघडायला दुपार व्हायची. आता चहा उकळेपर्यंत उघडतात. लुगडं पिळते, नारळ फोडते. गेल्या मंगळवारी महादूच्या भावजयीचं बाळंतपण केलं. पोर आडवं होतं. बाहेरून हात लावून हळूहळू फिरवलं, आणि माझ्या हातांनी मला दगा दिला नाही. घरी येऊन जरा रडले. ते कुणाला सांगू नको.

गोळीचं इथे कुणालाच ठाऊक नाही. मुंबईला मी तुझ्यासाठी स्थळं बघायला गेले होते असं सांगितलंय. त्यामुळे दोन स्थळं चालत आली, ती मी परतवली. तू मला हसशील, पण सुईणीचे हात दुखतात असं एकदा बोललं गेलं की पोटुशी बाई दुसऱ्या वाडीकडे बघायला लागते. बावीस वर्षं मी या वाडीत पोरं काढली. हात लपवायला मला जमतं. दुखत असले की पदराखाली घ्यायचे, एवढंच.

येत्या सोमवारी, सहा तारखेला, देवी टोचणारे येणार. शाळेच्या पडवीत टेबल मांडतील. तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. गावचे मानकरी भाई तेव्हा म्हणाले होते, टोचलं तर देवीचा कोप होईल. कुणी पुढे येईना. मी पदर सारून दंड पुढे केला, मग हळूहळू रांग लागली. तेव्हापासून ते आले की बाई पहिल्या, मग गाव. माझ्या दंडावर चार वण आहेत. पाचवा सोमवारी. नेहमी करतेस ते सगळं कर असं तूच लिहिलं आहेस.

काच सोबत पाठवते. मोज.

तुझी आत्ये

मुंबई, ४ मार्च १९६७

ती. आत्येस नमस्कार.

तुझं पत्र दुपारी मिळालं आणि मी तशीच तारघरात धावले. हे पत्र आणि तार एकमेकांच्या मागेपुढे पोचतील. तार आधी पोचो. चूक माझी आहे. मी तुला सगळं सांगितलं आणि हे एकच विसरले.

देवीच्या लशीत जिवंत बीज असतं. धडधाकट माणसाच्या दंडावर त्याचा फोड येतो, खपली धरते, पडते. तो फोड तिथल्या तिथे थांबवतात ते तुझे राखणदार. गोळीने ते दबलेले आहेत. तुला टोचलं तर फोड थांबेलच असं नाही. दंडभर पसरेल, अंगभर पसरेल. अशी माणसं दगावल्याचं डॉक्टरांनी वाचलं आहे. तुझी काच आजच मोजली. राखणदार फार कमी झालेत. सांध्यांसाठी ते बरं आहे, लशीसाठी मुळीच नाही.

तेव्हा टोचून घ्यायचं नाही. ज्यांनी टोचून घेतलं त्यांच्या ताज्या फोडालाही हात लागता कामा नये, खपली पडेपर्यंत. लोकांना खरं काय ते सांग. तू सांगितलंस की ऐकतील.

विमल

खाजणवाडी, १२ मार्च १९६७

चि. विमल हिस आशीर्वाद.

तार वेळेवर आली. माझा जीव वाचला असं तू म्हणशील. पण कशी आली ते ऐक.

सोमवारी सकाळी पडवीत चांगली साठ-सत्तर माणसं. मी पहिली. टोचणीवाल्याने माझा दंड पुसला होता. तेवढ्यात मालवणहून सायकलवर तारवाला आला. तार इंग्रजीत. वाडीत इंग्रजी येतं ते पोस्टमास्तर दत्तारामला. तो रांगेतच उभा होता. तार आली म्हणजे कुणीतरी गेलं, म्हणून सगळे जवळ सरकले. त्याने तिथेच फोडली आणि मोठ्याने मराठी करून वाचली: "देवी टोचून घेऊ नये. पत्र मागाहून. विमला."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. भाई म्हणाले, "मुंबयच्या हास्पिटलातसून तार इली हा. थंयचीच माणसा सांगतत, टोचून घेव नकात."

टोचणीवाला बिचारा सांगत राहिला. मी म्हटलं, ही तार माझ्यापुरती आहे, तुम्ही घ्या. भाईंनी विचारलं, "बाय, तुमका नको तां आमका कित्या?"

विमल, या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते मी दिलं नाही. हात पदराखाली घेतले आणि उभी राहिले. पाव तासात पडवी मोकळी झाली. एकालाही टोचलं नाही.

तुझं पत्र नंतर मिळालं. नीट तीनदा वाचलं. तू काळजी करू नको. मी वाट काढली आहे. टोचणीवाल्याला परत बोलावणार आहे, आणि या वेळी रांग मोडणार नाही.

तुझी आत्ये

मुंबई, १८ मार्च १९६७

ती. आत्येस नमस्कार.

तू वाट काढलीस हे वाचून मला जेवण गोड लागलं. मला ठाऊकच होतं. वाडीत तुझ्या शब्दाबाहेर कोण आहे? माझ्या तारेने झालेला घोटाळा तू चार वाक्यांत निस्तरशील. डॉक्टरांनाही मी तसंच सांगितलं.

त्यांनी काल मला एका परदेशी मासिकातला लेख समजावून दिला. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. इतकी वर्षं ती बिनकामाची समजत. आता म्हणतात, लहान गोल पेशींतला एक गट तिथे तयार होऊन बाहेर पडतो, आणि लशीचा फोड आवरणारा गट तोच असावा. दुसरा गट वेगळं काम करतो. काचेवर मला दोन्ही अगदी सारखे दिसतात. मी रोज शेकडो मोजते आणि कोण कुठला हे मला सांगता येत नाही! तुझे सांधे कुरतडणारे आणि तुला देवीपासून राखणारे बहुधा एकाच घरचे. गोळी दोघांना वेगळं ओळखत नाही. ज्या दिवशी ओळखणारी गोळी निघेल त्या दिवशी मी स्वतः ती घेऊन बोटीने येईन.

या पंधरवड्याची काच आली नाही. टपालात फुटली का?

विमल

खाजणवाडी शाखा डाकघर
१ एप्रिल १९६७

कु. विमलाताई यांस,

सा. न. वि. वि. मी दत्ताराम, येथील पोस्टमास्तर. आपली व माझी प्रत्यक्ष ओळख नाही. दुसऱ्याच्या टपालात लक्ष घालणे माझ्या कामात बसत नाही, तरी लिहितो.

खाडीपलीकडच्या वाडीत मुंबईहून एक गिरणीकामगार आजारी होऊन गावी आला होता. त्यास देवी आल्या होत्या हे उशिरा कळले. तिकडे आतापर्यंत तिघे वारले. आमच्या वाडीतील तुळसा, महादूची बायको, तिकडे मासे विकावयास जात असे. परवा तिच्या अंगावर फोड उठले. महादूस लहानपणी देवी येऊन गेल्यामुळे तोच तिच्याजवळ आहे. वाडी घाबरली आहे, पण टोचून घेण्यास अद्याप कोणी तयार नाही. "मुंबईची तार" असे म्हणतात. ती तार मीच वाचली. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही.

दुसरे. सुभद्राबाई दहा-बारा दिवस घराबाहेर नाहीत. माझी पत्नी भाकरी घेऊन गेली होती. बाईंचे दोन्ही हात मनगटापासून सुजलेले, फडक्यात बांधलेले. पेलाही उचलवत नाही. फळीवर गोळ्यांची बाटली होती. बाई तिला म्हणाल्या, "तेका हात लावू नको. तीन आठवडे बंद आसत ते." टोचणीवाल्यास त्यांनी निरोप धाडला आहे. तो सात तारखेस येतो. बाई सर्वांसमोर पहिल्याने टोचून घेणार आहेत.

गोळ्या कसल्या व त्या बंद का, हे मला ठाऊक नाही. आपणास ठाऊक असावे असे वाटले.

आपला,
दत्ताराम

मुंबई, ५ एप्रिल १९६७

ती. आत्येस,

नमस्कार करायलाही हात उचलत नाही इतका राग आलाय. ही तुझी वाट? गोळी सोडून राखणदार जागे करायचे, सांधे त्यांना खायला द्यायचे, आणि मग दंड पुढे करायचा?

आणि मी इथे जेवण गोड लागलं म्हणून लिहीत होते.

दत्तारामांना आताच तार केली. या वेळी शब्द मोजले नाहीत. तार अशी आहे: "लस फक्त सुभद्राबाईंना नको. बाकी प्रत्येकाला हवीच, मुलाबाळांसकट. कारण बाईंना विचारा. सर्वांसमोर वाचा. विमला." तुझं गुपित मी फोडलेलं नाही. पण भाईंचा प्रश्न तुला परत विचारला जाईल अशी सोय केली आहे.

डॉक्टरांशी बोलले. तीन आठवड्यांत राखणदार किती जागे झाले हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही. मी नुसती संख्या मोजते, ते लढू शकतील की नाही ते मला दिसत नाही. म्हणून तुला लस नाहीच. गोळीही आता मी सांगेपर्यंत बंदच ठेव. आसपास देवीची साथ असताना राखणदार पुन्हा दाबायचे नाहीत. हात दुखतील. दुखू देत. लोकांनी टोचून घेतलं की त्यांच्या खपल्या पडेपर्यंत तू वेगळी राहा.

आत्ये, तुझे हात दुखतात हे कळलं म्हणून कुणी तुला टाकणार नाही. टाकलंच तर इथे ये.

विमल

काजूच्या बागेतला मांगर, खाजणवाडी
२२ एप्रिल १९६७

चि. विमल हिस आशीर्वाद.

पेन्सिलीला चिंधी गुंडाळून लिहिते. दिवसाला पाच-सहा ओळी होतात, म्हणून या पत्राला आठवडा लागला. तुझं रागाचं पत्र उशाशी आहे.

सात तारखेला पडवी पुन्हा भरली होती, पण सगळे भिंतीला टेकून. मी बांधलेले हात पदराखाली घेऊन टेबलाकडे निघाले. दत्ताराम मध्ये आला. म्हणाला, "बाय, जरा थांबा," आणि तुझी तार वाचली. दोनदा वाचली.

भाई उठले. त्यांनी रागाने विचारलं नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. "बाय, आता तरी सांगा. तुमका नको तां आमका कित्या?"

मी फडकी सोडली. गाठी दातांनी सोडाव्या लागल्या, बोटांनी सुटेनात. हात सगळ्यांसमोर धरले. ज्यांची पोरं या हातांनी काढली त्या बायका पुढे बसल्या होत्या. कुणीतरी "आवशी गे!" म्हणालं.

मी म्हटलं, "बघा. बारा वर्सां मी ह्ये हात तुमच्यापासून लपयलंय. मुंबयक मी पोरग्येचा लगीन जमवक गेललंय नाय. दवाखान्यात पडान होतंय." मग तू लिहिलेलं राखणदाराचं सगळं सांगितलं. तुझं पत्र पाठच होतं.  मान चुकला की राखणदार घरच्यांवरच उलटतो हे आमच्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. गोळीने राखणदार निजवले म्हणून हात चालत होते, आणि लस घेता यावी म्हणून मी गोळी सोडली तर हात असे झाले, हेही सांगितलं.

"माका लस चलाची नाय. तुमका चलता. तुम्ही घेतलात तर देवी वाडयेत पसराची नाय. वाडयेत पसरली नाय तर माझ्यापर्यंत येवची नाय."

भाईंनी जवळ येऊन माझे हात बघितले. "म्हणजे आमच्या दंडार तुमची राखण?"

"होय," मी म्हटलं. "तुमच्या दंडार."

त्यांनी सदरा काढला आणि टेबलाशी जाऊन बसले. मागून दत्ताराम, मग त्याची बायको, मग रांग दारापर्यंत गेली. एकशे बेचाळीस जणांना टोचलं. शेवंती, भाईंची सून, दोन महिन्यांची पोटुशी. ती बाजूला राहिली होती. टोचणीवाला म्हणाला, एरवी थांबलो असतो, पण साथ दाराशी आली आहे. तिनेही घेतली.

मी त्याच संध्याकाळी मांगरात, बागेतल्या या खोपटात, राहायला आले. भाईंनी कुंपणाच्या अलीकडे मोठा दगड ठेवून दिलाय. जेवण त्यावर ठेवून माणूस मागे सरतो, मग मी जाऊन घेते. लांबून बोलतात. चाळिशीच्या पुढे मला कुणी इतकं राखलं नव्हतं. लाज वाटते आणि बरंही वाटतं.

आता जे तुला लिहिलं नव्हतं ते लिहिते. सहा मार्चला, पहिल्या तारेच्या दिवशी, माझ्यामागे रांगेत तिसरी तुळसा होती. वरच्या भरडातली, डोंगराकडची, माहेरी कधी टोचलेलीच नाही. टोपली खाली ठेवून उभी होती. तार ऐकून तिने टोपली उचलली आणि गेली. आठ दिवसांनी पलीकडे मासे विकायला गेली.

ती जगली. उठून बसते. डावा डोळा गेला.

तुझी आत्ये

मुंबई, २९ एप्रिल १९६७

ती. आत्येस नमस्कार.

तुळसाचं वाचून मी प्रयोगशाळेत गेले आणि दोन तास एकही काच धड मोजू शकले नाही. रांगेत तिसरी. माझ्या तारेत "तू" एवढा एक शब्द असता तर तिचा डोळा असता. मी सगळ्यांना सांगत हिंडते की मोजण्यात माझी चूक होत नाही. शब्द मोजण्यात झाली.

मी तिला पत्र लिहू का? काय लिहू?

खपल्या पडल्या असतील आणि नवा ताप कुठे नसेल तर पंधरा मेपासून गोळी सुरू कर. अर्धी. काच न चुकता.

विमल

खाजणवाडी, ९ मे १९६७

चि. विमल हिस आशीर्वाद.

खपल्या पडल्या. कालच घरी आले. आमच्या वाडीत तुळसानंतर एकालाही देवी आल्या नाहीत. पलीकडेही थांबल्या.

तुळसाला पत्र लिहू नको, तिला वाचता येत नाही, आणि दत्तारामाकडून वाचून घेतलं तर दोघंही रडत बसतील. तू तुझ्या तारेला दोष देतेस. दत्ताराम आपल्या आवाजाला देतो. पण भाईंनी मला त्याच दिवशी, सर्वांसमोर, सरळ प्रश्न विचारला होता. तुळसा तेव्हा दारातच होती. मी तोंड उघडलं असतं तर ती परत वळली असती. यात वाटेकरी कशाला शोधायचे? माझं आहे ते मी घेतलंय. रडत बसणार नाही. काय करता येईल ते बघते.

पहिलं काम म्हणून तिच्या घरी गेले. महादूने सांगितलं, ती आरशाकडे बघत नाही आणि बाहेर येत नाही. मी उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच.  ती आतून म्हणाली, "बाय, तां ऱ्हवांदे. माझ्याकडचो मासो आता कोण घेनत नाय. मी काय करू तां सांगा."

त्याचा विचार करते आहे.

तुझी आत्ये

खाजणवाडी, २१ नोव्हेंबर १९६७

चि. विमल हिस अनेक आशीर्वाद.

पावसाळाभर त्रोटक लिहीत होते, कारण जे चाललं होतं ते जमतं की नाही याची मला खात्री करून घ्यायची होती. जमलं.

पूर्ण गोळीवर हात पुष्कळ मोकळे झाले. पण गोळी बंद होती त्या दोन महिन्यांत उजव्या हाताची दोन बोटं वाकली ती वाकलीच. लिहिते, भाकरी थापते. आडवं पोर आता मला फिरवता येणार नाही. आणि ज्या घरात ताप आहे किंवा पोराला नुकतं टोचलंय तिथे मी जायचं नाही, हा तुझा नियम. सुईणीने अशी घरं टाळायची म्हटलं तर उरतात किती?

तुळसाला देवी येऊन गेल्या. तिला पुन्हा यायच्या नाहीत. तिला कुठल्याही घरात जाता येतं, कुठलंही पोर घेता येतं. मे महिन्यातच मी तिला म्हटलं, माझ्याबरोबर चल. ती म्हणाली, "एका डोळ्यान?" मी म्हटलं, पोर काढताना अर्धा वेळ आपण डोळे मिटूनच असतो, बोटांना दिसतं. तिने आपले हात पुढे केले, मासे कापून चरे पडलेले, आणि म्हणाली, "डोळो एक गेलो, हात दोन आसत." जूनपासून शिकवते आहे. नखं कापणं, हात उकळत्या पाण्याने आणि साबणाने धुणं, पोटावरून डोकं कुठे ते ओळखणं. मडक्यात नारळ घालून, वरून फडकं बांधून तिने महिनाभर चाचपला.

चार तारखेला शेवंतीचे दिवस भरले. उन्हं चढताना कळा सुरू झाल्या. भाई दारात उभे राहिले. तुळसाच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बाय, तुम्ही आत जावा. ही हय ऱ्हवांदे. पोटुशी बायल भियात."

मी म्हटलं, "भाई, माझे हात तुम्ही बघितलास. ती आत गेली नाय तर मीय जातलंय नाय."

ते बाजूला झाले.

आत मी शेवंतीच्या उशाशी बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिने तुळसाकडे एकदा बघितलं आणि दुसऱ्या कळेनंतर कुणाकडेच बघायला तिला उसंत नव्हती. डोकं खाली, पण नाळेचा वेढा मानेला होता. मी बसल्या जागेवरून सांगत गेले: ओढू नको, बोट आत घाल, सैल कर, आता डोक्यावरून काढ. माझी बोटं मांडीवर आपोआप हलत होती. तुळसाने वेढा काढला. मुलगी. थोडी निळी होती. तुळसाने पाय धरून तिला उलटं केलं, पाठ चोळली, तोंड पुसलं, आणि ती रडली. तिच्याबरोबर तुळसाही.

बाहेर आलो तेव्हा भाईंनी मला विचारलं, "बरां झाला?" मी म्हटलं, तिला विचारा. त्यांनी तिला विचारलं. तिच्याकडे बघून विचारलं.

येताना वाटेत ती म्हणाली, "बाय, वेढो काढताना माझो हात थरथरलो."

मी म्हटलं, "थरथरलो तर थरथरलो म्हणान सांगूचा. लपवूचा नाय."

त्यानंतर तिने दोन बाळंतपणं केली. एकीला मी होते. दुसरी तापाच्या घरात होती, तिथे ती एकटी गेली.

काल दुपारी मी अंगणात सुपारी सोलत बसले होते. तुळसा विहिरीवर कळशी भरत होती. पलीकडच्या वाडीतून एक माणूस धावत आला, घामाने भिजलेला. असा माणूस आला की मी बावीस वर्षं उठून उभी राहते, तशी उठले, पिशवीकडे हात गेला.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुळसाबाय हंयच गावतली काय?"

मी वाकड्या बोटाने विहिरीकडे दाखवलं.

तुझी,
सुभद्राआत्ये